लिबरल आर्ट्स कॉलेजांचा जीवविज्ञान संशोधन-खर्च: आकडा कुठे शोधायचा आणि कसा वाचायचा

अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांची, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणाऱ्या कॉलेजांची, माहितीपत्रकं एका बाबतीत अगदी सारखी असतात. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली विद्यार्थिनी, शेजारी प्राध्यापक आणि खाली 'पहिल्या वर्षापासून प्रत्यक्ष संशोधन' असं वाक्य. या वाक्यामागे पैसा आहे का आणि असला तर तो कोणाचा, हे घरबसल्या तपासता येतं. मुलाला किंवा मुलीला तिथे पदवीसाठी पाठवणाऱ्या पालकांना ते उपयोगी आहेच. पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनपद) संपवून अशा कॉलेजात नोकरी शोधणाऱ्यांना तर मुलाखतीआधी हे माहीत असायलाच हवं.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. मोठ्या विद्यापीठाचा आकडा ही शेकडो प्रयोगशाळांची बेरीज असते. छोट्या कॉलेजचा आकडा बहुतेक वेळा दोन-चार प्राध्यापकांच्या ग्रँटची (संशोधन-अनुदानांची) बेरीज असतो. त्यामुळे वाचायची पद्धतही वेगळी लागते.

मूळ आकडा कुठे मिळतो

नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अखत्यारीत नॅशनल सेंटर फॉर सायन्स अँड इंजिनिअरिंग स्टॅटिस्टिक्स ही सांख्यिकी संस्था आहे. ती दरवर्षी 'हायर एज्युकेशन रिसर्च अँड डेव्हलपमेंट सर्व्हे' घेते. सगळे त्याला 'हर्ड' म्हणतात. त्याचा पूर्वज १९७२ पासून होता, सध्याचं रूप २०१० पासूनचं आहे. पदवी किंवा त्यावरचं शिक्षण देणारी आणि वर्षाला किमान दीड लाख डॉलरचा संशोधन-खर्च स्वतंत्रपणे हिशेबात दाखवणारी संस्था यात येते. २०२३ या आर्थिक वर्षाची देशभरातली बेरीज सुमारे १०,८८० कोटी डॉलर होती आणि त्यातला निम्म्याहून अधिक खर्च जीवविज्ञानाचा होता. एकट्या जॉन्स हॉपकिन्सचा आकडा ३०० कोटींच्या वर जातो. लिबरल आर्ट्स कॉलेजं या यादीच्या खालच्या पानांवर असतात, तेव्हा क्रमांकाकडे बघण्यात वेळ घालवू नका.

सर्व्हेच्या पानावरून तयार तक्ते मिळतात. हवा तो तपशील तिथे नसेल तर त्या वर्षाची सार्वजनिक डेटा-फाइलच उतरवून घ्या. कॉलेज नावावरून शोधताना चूक होते: वेस्लियन युनिव्हर्सिटी, ओहायो वेस्लियन आणि इलिनॉय वेस्लियन या तीन वेगळ्या संस्था आहेत, ट्रिनिटी नावाचीही एकाहून जास्त आहेत. म्हणून आयपेड्स या अमेरिकी शिक्षण खात्याच्या आकडेवारी-संचात प्रत्येक संस्थेला दिलेला क्रमांक शोधा आणि पुढे जिथे चालेल तिथे तोच वापरा.

मग एक साधी एक्सेल शीट करा. ओळी पाच, म्हणजे सलग पाच वर्षांच्या. रकाने असे ठेवा: एकूण संशोधन-खर्च, त्यातलं जीवविज्ञान, त्यात फेडरल (म्हणजे अमेरिकेच्या केंद्र) सरकारचा वाटा, कॉलेजचा स्वतःचा वाटा आणि बाकी सगळे. दोन गोष्टी सांभाळा. एक, तक्त्यातले आकडे हजार डॉलरमध्ये असतात. १,२५० लिहिलं असेल तर ते साडेबारा लाख डॉलर. लाख-कोटीत विचार करणाऱ्यांची इथे एखादं शून्य इकडे-तिकडे होण्याची चूक हमखास होते. दोन, 'आर्थिक वर्ष २०२३' म्हणजे बहुतेक कॉलेजांसाठी जुलै २०२२ ते जून २०२३. आकडे प्रसिद्ध व्हायला त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ जातो, त्यामुळे तुम्ही नेहमी थोडं जुनंच चित्र बघत असता.

'जीवविज्ञान' या शीर्षकाखाली काय येतं

हर्डच्या वर्गवारीत जीवविज्ञानाखाली कृषिविज्ञान, जैविक व जैववैद्यकीय विज्ञान, आरोग्यविज्ञान, नैसर्गिक संसाधनं व संवर्धन आणि उरलेलं किरकोळ असे भाग आहेत. लिबरल आर्ट्स कॉलेजात कृषी आणि आरोग्य बहुधा नसतंच. जवळजवळ सगळं जैविक विज्ञानात, थोडं संवर्धनात. जीवरसायनशास्त्र आणि न्यूरोसायन्स जैविक विज्ञानात मोजतात, मानसशास्त्र मात्र वेगळ्या शीर्षकाखाली आणि रसायनशास्त्र भौतिक विज्ञानांत. अडचण अशी की छोट्या कॉलेजात प्रथिनांवर काम करणारी प्राध्यापक रसायनशास्त्र विभागात बसते आणि उंदरांच्या मेंदूवर काम करणारा मानसशास्त्रात. ग्रँटचं विभागवार वर्गीकरण कोणी केलं त्यावर आकडा इकडचा तिकडे होतो. दोन कॉलेजांची तुलना करताना म्हणून जीवविज्ञान, रसायनशास्त्र आणि मानसशास्त्र या तिघांची बेरीजही एका रकान्यात मांडा. दोन्ही रकान्यांत एकच कॉलेज पुढे असेल तर निष्कर्षावर भरवसा ठेवता येतो.

इमारत बांधणं किंवा प्रयोगशाळेचं नूतनीकरण संशोधन-खर्चात धरत नाहीत. नव्या प्राध्यापकाला प्रयोगशाळा उभारायला दिलेला स्टार्टअप निधी मात्र, वेगळा हिशेब ठेवला असेल तर, धरतात. अभ्यासक्रम सुधारण्यासाठी किंवा संशोधनाशी संबंध नसलेल्या विद्यार्थी-प्रशिक्षणासाठी मिळालेलं अनुदान बाहेर राहतं. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने १९८८ पासून पदवी स्तरावरच्या विज्ञानशिक्षणाला दिलेला बराच पैसा असा शिक्षणाच्या नावाने गेला आहे, त्यामुळे तो इथे शोधून सापडेलच असं नाही.

याहून मोठी गोष्ट प्रबंधाची. ओरेगनमधल्या रीडमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी प्रबंध करावाच लागतो, ओहायोतल्या वूस्टरमध्येही स्वतंत्र अभ्यास सक्तीचा आहे. त्यासाठी लागणारी रसायनं, पेट्री डिश, माशांच्या टाक्या हा खर्च साधारणपणे अध्यापनाच्या खात्यात जातो. विद्यार्थी संशोधन करत असतो, पण हर्डला ते दिसत नाही. अशा कॉलेजचा आकडा कमी म्हणून त्याला यादीतून काढणं चूक ठरेल.

कोणाचा पैसा, हा खरा प्रश्न

फेडरल रकाना समजायला सोपा आहे. छोट्या कॉलेजांत तो मुख्यतः दोन दारांतून येतो. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पदवी-प्रधान संस्थांसाठीच्या ग्रँटच्या शीर्षकात सुरुवातीलाच 'आरयूआय' लिहिलेलं असतं. फाउंडेशनच्या अवॉर्ड सर्चमध्ये कॉलेजचं नाव आणि ही अक्षरं टाकली की यादी निघते. दुसरं दार एनआयएचच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या) 'आर-१५' अर्थात 'एरिया' ग्रँटचं, जे १९८५ पासून चालू आहे. ज्या संस्थांना एनआयएचकडून फार पैसा मिळत नाही त्यांच्यासाठीच ते राखीव आहे. तीन वर्षांपर्यंतच्या या ग्रँटला थेट खर्चाची मर्यादा अनेक वर्षं ३ लाख डॉलर होती. मर्यादा आणि अटी बदलत असतात, म्हणून चालू सूचना वाचूनच बोला.

एनआयएचच्या 'रिपोर्टर' या संकेतस्थळावर ही ग्रँट शोधताना एक गंमत दिसते. आर-१५ चे तिन्ही वर्षांचे पैसे सहसा पहिल्याच वर्षी मंजूर झालेले दिसतात, पुढची दोन वर्षं शून्य. हर्डमध्ये मात्र खर्च झालेली रक्कम येते, तीन वर्षांत पसरलेली, मुदतवाढ मिळाली तर चार. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत म्हणून कॉलेजवर शंका घेऊ नका. एकात मंजुरी आहे, दुसऱ्यात खर्च.

आता कॉलेजच्या स्वतःच्या वाट्याचा रकाना. हा सगळ्यात फसवा. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात: कॉलेजने खरोखर स्वतःच्या खिशातून दिलेला संशोधन निधी, बाहेरच्या ग्रँटला जोडून द्यावा लागलेला हिस्सा आणि वसूल न झालेला ओव्हरहेड (इमारत, वीज, कार्यालय असा संशोधनामागचा अप्रत्यक्ष खर्च). तिसऱ्याचं उदाहरण घ्या. समजा, एका खासगी फाउंडेशनने ४०,००० डॉलर थेट खर्चासाठी दिले आणि त्यावर ओव्हरहेड फक्त १० टक्के, म्हणजे ४,००० मान्य केला. कॉलेजचा सरकारशी ठरलेला दर ५० टक्के असेल, तर हिशेबाने २०,००० मिळायला हवे होते. उरलेले १६,००० कॉलेजने 'सोसले' असं धरून ते स्वतःच्या वाट्यात मांडले जातात. त्यातला एक डॉलरही पिपेट घ्यायला मिळालेला नसतो. म्हणून हा रकाना मोठा दिसला की लगेच खूश न होता तीन भाग वेगळे मागा. सर्व्हेच्या फॉर्ममध्ये ते वेगळे भरावे लागतात, म्हणजे कॉलेजकडे ते असतातच.

भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र याच रकान्यातला पहिला भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. नॅशनल सायन्स फाउंडेशनचा 'आरईयू' हा उन्हाळी संशोधनाचा प्रसिद्ध कार्यक्रम अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरता आहे. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरच्या मुलाला त्यातून मानधन मिळत नाही. प्राध्यापकाच्या नेहमीच्या संशोधन ग्रँटमधून पगार मिळू शकतो, पण त्या जागा थोड्या. उरतो कॉलेजचा स्वतःचा उन्हाळी संशोधन निधी, जो बऱ्याचदा माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर चालतो आणि ज्याला बहुधा नागरिकत्वाची अट नसते. फेडरल रकाना भरलेला आणि स्वतःचा निधी कोरडा असं कॉलेज आपल्या मुलांसाठी कमी उपयोगाचं. आमच्या मते निवड करताना हा एक मुद्दा बाकी सगळ्यांहून जड ठरावा.

यादीत कॉलेजच नसेल तर

१० लाख डॉलरपेक्षा कमी खर्च असलेल्या संस्था हर्डचा छोटा फॉर्म भरतात आणि बहुतेक तपशीलवार तक्त्यांतून वगळल्या जातात. दीड लाखाच्या खालच्या तर सर्व्हेतच नसतात. याचा अर्थ संशोधन शून्य असा नव्हे. अशा वेळी तीन ठिकाणी बघा.

पहिलं, लेखापरीक्षण. फेडरल पैसा ठरावीक रकमेच्या वर खर्च करणाऱ्या प्रत्येक संस्थेला 'सिंगल ऑडिट' करून ते फेडरल ऑडिट क्लिअरिंगहाउसकडे द्यावं लागतं. ही मर्यादा वर्षानुवर्षं साडेसात लाख डॉलर होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून पुढे सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती १० लाख झाली. अहवालात फेडरल अनुदानांच्या खर्चाची एक अनुसूची असते आणि तिच्यात 'संशोधन व विकास' असा वेगळा गट. प्रत्येक नोंदीपुढे फेडरल कार्यक्रमाचा क्रमांक असतो. ४७.०७४ हा क्रमांक म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशनचं जीवविज्ञान. ९३ ने सुरू होणारे क्रमांक आरोग्य खात्याचे, त्यात ९३.८५९ हे जैववैद्यकीय संशोधन. ही अनुसूची लेखापरीक्षकाने तपासलेली असते. या मार्गदर्शकातला सर्वात कमी वापरला जाणारा आणि सर्वात विश्वासार्ह कागद हाच.

दुसरं, आयपेड्सच्या वित्त विभागातला 'संशोधन' हा खर्च. इथे जपून. इमारतींच्या देखभालीचा आणि घसाऱ्याचा वाटा त्यात मिसळलेला असतो, शिवाय काही कॉलेजं प्राध्यापकांचं संशोधन सरळ अध्यापनातच टाकतात. हर्डशी तो जुळणार नाही. दिशा समजायला ठीक.

तिसरं, दुसऱ्याच्या ग्रँटमधला वाटा. एनआयएचचा 'इन्ब्रे' कार्यक्रम ज्या राज्यांना परंपरेने कमी पैसा मिळतो तिथे चालतो. मेनमध्ये एमडीआय बायॉलॉजिकल लॅबोरेटरी प्रमुख आणि बोडन, बेट्स, कोल्बी भागीदार. व्हर्मॉन्टमध्ये मिडलबरीला असाच फायदा. मुख्य ग्रँट दुसऱ्याच्या नावावर असल्यामुळे 'रिपोर्टर'मध्ये कॉलेजचं नाव टाकून ती दिसत नाही. लेखापरीक्षणाच्या अनुसूचीत मात्र 'मार्फत आलेले' म्हणून ती उमटते. मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया किंवा कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांना हे दार बंद आहे, म्हणून बोडनची तुलना मॅसॅच्युसेट्समधल्या अॅम्हर्स्टशी करताना हे ध्यानात असू द्या.

भागाकार

कच्चा आकडा तसाच वापरू नका. पाच वर्षांपैकी शेवटच्या तीन वर्षांची सरासरी काढा आणि तिला दोन संख्यांनी भागा. एक, जीवविज्ञान आणि न्यूरोसायन्समधले कायम किंवा कायम होऊ घातलेले प्राध्यापक. ही संख्या विभागाच्या पानावर मोजून मिळते. व्हिजिटिंग आणि केवळ प्रयोगवर्ग घेणारे वगळा. दोन, त्या विषयांत दरवर्षी पदवी घेणारे विद्यार्थी. हे आयपेड्सच्या पदव्यांच्या तक्त्यात २६ या विषयक्रमांकाखाली मिळतात.

समजा 'क' कॉलेजची सरासरी ९ लाख डॉलर, प्राध्यापक १२, पदवीधर ९०. 'ख' ची ६ लाख, प्राध्यापक १०, पदवीधर ४०. प्राध्यापकामागे 'क' ७५,००० तर 'ख' ६०,०००. पण विद्यार्थ्यामागे 'क' १०,००० आणि 'ख' १५,०००. नोकरी शोधणाऱ्याने पहिली जोडी पाहावी, विद्यार्थ्याने दुसरी.

सरासरीने सगळं सुटत नाही. पाच वर्षांत एकच वर्ष उंच उसळलेलं दिसलं तर ते बहुधा उपकरण असतं: 'मेजर रिसर्च इन्स्ट्रुमेंटेशन' ग्रँटमधून घेतलेला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक किंवा तसंच काही. ते वर्ष वगळून सरासरी काढा. आकडा सलग दोन वर्षं घसरत असेल तर ज्येष्ठ प्राध्यापक निवृत्त झाले का, हे विभागाच्या जुन्या पानांवर बघा. छोट्या कॉलेजात एक माणूस गेला की रकाना अर्धा होतो.

काही तुलना मुळातच गैरलागू आहेत. वेस्लियन युनिव्हर्सिटी लिबरल आर्ट्स यादीत असते, पण ती जीवशास्त्रात आणि रेण्वीय जीवशास्त्रात पीएचडी देते. तिथला पैसा पीएचडीच्या विद्यार्थ्यांवरही जातो. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटमध्ये स्क्रिप्स आणि पिट्झर यांचा विज्ञान विभाग सामायिक आहे. खर्च कोणाच्या नावावर लागला हे विचारल्याशिवाय दोघांचाही आकडा वापरू नका. शेजारच्या पोमोनाचा विभाग स्वतःचा आहे. 

अमेरिकेतल्या उच्चशिक्षण संस्थांच्या कार्नेगी वर्गवारीत २०२५ पासून 'संशोधन महाविद्यालयं आणि विद्यापीठं' अशी नवी पायरी आली आहे. पहिल्या दोन संशोधन श्रेणींत नसलेल्या, पण वर्षाला किमान २५ लाख डॉलर संशोधनावर खर्च करणाऱ्या संस्था तिच्यात बसतात. कॉलेजं आता हा शिक्का मिरवतात. पण तो सगळ्या विषयांच्या बेरजेवर मिळतो. जीवविज्ञानाचा वाटा त्यात किती, हे शिक्का सांगत नाही.

एक ग्रँट उघडून पाहू

आकड्याच्या आत काय असतं ते कळायला ३ लाख थेट खर्चाच्या आर-१५ चं एक वर्ष, म्हणजे एक लाख डॉलर, मांडून पाहा. रकमा उदाहरणादाखल आहेत, प्रमाण मात्र ओळखीचं वाटेल. कॉलेज प्राध्यापकाला नऊ महिन्यांचा पगार देतं; तो ९०,००० असेल तर उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांचे २०,००० आणि त्यावरचा कर १,५३०. तीन विद्यार्थी, दहा आठवडे, आठवड्याला ६००: १८,०००. अर्धवेळ तंत्रज्ञ २५,००० आणि भत्ते ७,५००. रसायनं, प्लास्टिक, प्रतिपिंडं १८,०००. बाहेरून करून घेतलेलं सीक्वेन्सिंग ५,०००, परिषदेचा प्रवास ३,०००. उरले १,९७०, आणि ते शोधनिबंध मोफत वाचायला खुला करण्याच्या शुल्काला बहुधा पुरणार नाहीत. तंत्रज्ञ नसेल तर विद्यार्थी दुप्पट घेता येतील असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात सप्टेंबर ते मे या काळात प्राध्यापक तीन-तीन कोर्स शिकवत असताना माशा, मासे, पेशी जिवंत ठेवणारा हाच माणूस असतो. हे पद वगळून केलेली बजेटं दुसऱ्या वर्षी अडखळतात.

यावर ओव्हरहेड. दर ऐकून फसू नका, तो कशावर लागतो ते विचारा. एका कॉलेजचा दर ५० टक्के, पण जवळजवळ सगळ्या थेट खर्चावर (महाग उपकरणं वगैरे सोडून): इथे ५०,०००. दुसऱ्याचा दर ६० टक्के, पण फक्त पगारांवर. वरच्या हिशेबात पगार २०,०००, १८,००० आणि २५,००० मिळून ६३,०००, त्यावर ३७,८००. छोट्या संस्थांना सोप्या पद्धतीने दर ठरवायची मुभा असल्यामुळे पगारांवरचा दर त्यांच्यात नेहमी आढळतो. म्हणजे काम तेच, पण हर्डमध्ये एकाचा फेडरल खर्च दीड लाख आणि दुसऱ्याचा १,३७,८००. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने सगळ्यांसाठी १५ टक्क्यांची कमाल मर्यादा जाहीर केली आणि न्यायालयाने ती रोखली, तेव्हा या दरांबद्दलची ताजी स्थिती स्वतंत्रपणे पाहून घ्या.

कॉलेजला काय विचारायचं

शीट तयार झाल्यावरच ईमेल करा; मग प्रश्न नेमके होतात.

- गेल्या उन्हाळ्यात जीवविज्ञानात किती विद्यार्थ्यांना मानधन मिळालं, एकूण अर्जदार किती होते आणि मानधन मिळालेल्यांत आंतरराष्ट्रीय विद्यार्थी किती?
- ते पैसे ग्रँटमधून की कॉलेजच्या निधीतून? राहण्याची सोय मानधनात की वेगळी?
- प्रबंधाच्या विद्यार्थ्याला साहित्यासाठी वर्षाला किती डॉलर मिळतात?
- कॉन्फोकल किंवा तत्सम उपकरणाचा देखभाल करार कोण भरतं, आणि तो चालू आहे का?
- नोकरीच्या उमेदवारासाठी: स्टार्टअप निधी किती वर्षांत संपवावा लागतो, आणि ग्रँट मिळाल्यास एखादा कोर्स कमी होतो का?

देखभाल कराराच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर सावध व्हा. ग्रँटमधून आलेलं यंत्र काही वर्षांनी बंद पडून कोपऱ्यात उभं असणं ही या कॉलेजांतली नेहमीची गोष्ट आहे, कारण खरेदीला पैसे देणारे भेटतात, दुरुस्तीला नाही.

पहिले तीन प्रश्न विभागप्रमुखाला किंवा विद्यार्थी-संशोधन कार्यालयाला पाठवा, कॉलेजच्या स्वतःच्या वाट्याचे तीन भाग ग्रँट कार्यालयाला विचारा. अशा कॉलेजात त्या कार्यालयात एक-दोन माणसंच असतात आणि जूनअखेर त्यांचं वर्ष बंद होतं, त्यामुळे जून-जुलैत उत्तराची अपेक्षा करू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिहा; गेल्या उन्हाळ्याचे आकडे तेव्हा ताजे असतात आणि पदवीप्रवेशाचे अर्जही अजून जायचे असतात.